गंगापूर धरण ते स्वालबार्ड: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शिडाच्या नौकेवरून निघणाऱ्या शैक्षणिक ध्रुवमोहिमांवर लेख होता. दहा-बारा विद्यार्थी, दोन-तीन संशोधक आणि चार खलाशी नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांभोवती दोन आठवडे फिरतात आणि रोज पाण्याची, बर्फाची, सूक्ष्मजीवांची मोजणी करतात, असं त्याचं स्वरूप. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

उपग्रह रोज बर्फाची चित्रं पाठवतात. मग मुलांना नौकेतून नेऊन डोळ्यांनी बर्फ मोजायचा कशाला? ही नुसती महागडी सहल तर नाही ना? (भूगोल शिक्षिका, देवळाली कॅम्प)

प्रश्न रास्त आहे. ज्या मोहिमेकडे याचं उत्तर नसेल, ती खरोखरच सहल असते.

सागरी बर्फाचा दीर्घकालीन हिशोब मुख्यतः सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या उपग्रहांवरून ठेवला जातो. ढग असोत की काळोख, त्यांना दिसतं. पण त्यांचा एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा. त्या चौकोनात १५ टक्क्यांहून जास्त बर्फ असला की तो ‘बर्फाळ’ धरतात. सप्टेंबर २०१२ मध्ये बर्फाचा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, हा आजवरचा नीचांक याच पद्धतीने काढलेला आहे. उन्हाळ्यात बर्फावर वितळपाण्याची डबकी साचतात. उपग्रहाला ती उघड्या समुद्रासारखी दिसतात, आणि विरळ तरंगता बर्फ तर पुष्कळदा निसटूनच जातो. नौकेवरून दर तासाला घेतलेली नोंद ही चूक किती आहे ते दाखवते: दहापैकी किती भाग बर्फ, कोणत्या प्रकारचा, अंदाजे जाडी किती, वर हिम किती, डबकी किती.

यातही चुका होतात आणि त्या मुलांना आधीच सांगाव्या लागतात. लहान नौकेवर डोळ्यांची उंची पाण्यापासून जेमतेम दोन मीटर, त्यामुळे क्षितिज फक्त पाच किलोमीटरवर असतं. इतक्या खालून पाहिलं की दूरचे तुकडे एकमेकांना चिकटून दिसतात आणि चार दशांश बर्फ सात दशांश वाटतो. म्हणून एकाने डोलकाठीवर दहा मीटर चढून पाहायचं (तिथून अकरा किलोमीटर दिसतं), दुसऱ्याने डेकवरून, आणि दोघांनी आकडा एकमेकांना न सांगता लिहायचा. फरक दोन दशांशाहून जास्त आला तर दोन्ही आकडे वहीत ठेवायचे. सरासरी काढून एक पुसून टाकायचा नाही.

उपग्रहाला पृष्ठभागाखालचं काही दिसत नाही, आणि स्वालबार्डमध्ये खरा बदल तिथेच चालू आहे. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

सीटीडी नावाचं यंत्र पाण्यात सोडतात असं वाचलं. ते नेमकं काय मोजतं? वापरायला अवघड असतं का? (बीएस्सीचा विद्यार्थी, कॉलेज रोड)

सीटीडी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारी नळी. वाहकता आणि तापमानावरून क्षारता काढतात, दाबावरून खोली. एक डेसिबार दाब म्हणजे जवळपास एक मीटर. नौकेवर वापरायची छोटी नळी हातभर लांबीची असते आणि हाताने फिरवायच्या रहाटावरून सोडता येते.

नळी आधी दोन-तीन मीटरवर दोन मिनिटं तशीच धरून ठेवायची. डेकवरच्या हवेतून आलेले संवेदक पाण्याच्या तापमानाला यायला हवेत आणि आतले बुडबुडे निघून जायला हवेत. मग तिला पृष्ठभागालगत आणून सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने खाली सोडायचं. उपयोगाची नोंद खाली जातानाचीच. वर येताना नळी स्वतःच ढवळलेल्या पाण्यातून येते. नौका वाऱ्याने सरकत असते, त्यामुळे दोरी तिरकी जाते. शंभर मीटर दोरी सुटली म्हणजे नळी शंभर मीटर खोल गेली असं नाही, म्हणून खोली नेहमी दाबावरूनच घ्यायची. नौका डुलली की नळीही खालीवर होते आणि आलेखात गाठी पडतात. दोरी किंचित सैल सोडत राहिलं तर त्या कमी होतात. उरलेल्या गाठींतला उलट दिशेचा भाग काढून टाकायचा, आणि काढला हे लिहून ठेवायचं.

नवख्यांना सर्वांत जास्त फसवतात ते क्षारतेच्या आलेखातले टोकदार काटे. तापमानाचा आणि वाहकतेचा संवेदक सारख्या वेगाने प्रतिसाद देत नाहीत. गार थरातून नळी एकदम उबदार थरात शिरली की एकाने नवं पाणी वाचलेलं असतं आणि दुसरा अजून जुन्यातच असतो. या दोन आकड्यांतून काढलेली क्षारता क्षणभर खोटी येते. काटा नेमका थरांच्या सीमेवर दिसला तर नवा शोध लागला असं समजू नये. नळी आणखी सावकाश सोडून पुन्हा मोजावं.

आता आलेख वाचायचा कसा? आपल्याकडे धरणात खाली जावं तसं पाणी गार होतं. स्वालबार्डच्या फियॉर्डमध्ये (डोंगरांमधे शिरलेल्या लांब, चिंचोळ्या खाडीत) उन्हाळ्यात वरचे काही मीटर हिमनदीच्या वितळपाण्याने गोडसर आणि हलके असतात, आणि त्याखाली पाणी कधी कधी अधिक उबदार लागतं. थंड समुद्रात पाण्याचं वजन तापमानापेक्षा मिठावर जास्त ठरतं, म्हणून खारट पाणी उबदार असूनही खाली राहतं. तापमान ३ अंशांच्या वर आणि क्षारता ३४.६५ च्या वर गेली की ते अटलांटिकमधून आलेलं पाणी मानतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये २००६ पासून हे पाणी हिवाळ्यातही आत शिरू लागलं आणि तिथला पूर्वीचा पक्का बर्फ धरेनासा झाला. हिमनदीचं तोंड समुद्रात असेल तर हेच पाणी तिला पायथ्याकडून पोखरतं. फियॉर्डच्या मुखापासून हिमनदीकडे पाच-सहा ठिकाणी नळी सोडली की हे उबदार पाणी कुठवर पोचलंय ते एका दिवसात कागदावर येतं. या मोहिमांतलं हे काम आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

काम झालं की नळी गोड्या पाण्याने धुऊन आतला थेंबन्‌थेंब झटकून टाकायचा. वाहकतेचा कोष बहुधा काचेचा असतो. आत उरलेलं पाणी रात्री गोठलं की काच तडकते आणि मोहिमेचं मुख्य यंत्र संपतं. यंत्राचं घड्याळ निघण्यापूर्वी जागतिक प्रमाणवेळेवर लावा. भारतीय वेळेवर राहिलं तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि स्थानाच्या नोंदी मोजणीशी जुळत नाहीत.

मी नववीत आहे. मला एवढ्या लांब जाता येणार नाही. इथे राहून यातलं काही करता येईल का? (विद्यार्थिनी, पंचवटी)

नक्की येईल, आणि त्यातलं एक तर नौकेवरची मुलं करतात तेच आहे.

एकसारखे दोन काचेचे पेले घे. दोन्हींत ३०० मिलिलिटर पाणी. एकात साडेदहा ग्रॅम मीठ पूर्ण विरघळव. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेच हे प्रमाण. दोन्ही पेले तासभर तसेच ठेव, म्हणजे तापमान सारखं होईल. मग खाण्याचा रंग घालून गोठवलेला सारख्या आकाराचा एकेक बर्फाचा खडा दोन्हींत अलगद सोड आणि अजिबात ढवळू नकोस. गोड्या पाण्यात रंगीत गार पाणी धाग्यासारखं तळाला जाताना दिसेल आणि खडा लवकर विरघळेल. मिठाच्या पाण्यात रंग वरच थर धरून राहील आणि खडा जास्त वेळ टिकेल, कारण त्याच्याभोवती त्याच्याच गार पाण्याची गोधडी तयार होते. फियॉर्डमधला वरचा गोडसर थर तो हाच. उलटा निकाल आला तर बहुतेक खडे लहानमोठे असतील किंवा पेला हलला असेल. तीनदा करून तिन्ही वेळा लिही.

दुसरं आहे सेक्की तबकडी. पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायचं हे साधन जगभर वापरतात. समुद्रासाठी ती ३० सेंटिमीटर व्यासाची, पांढरी असते. जुनं सपाट ताट चालेल, पण रंग चकचकीत नको. चमक पाण्याखालूनही दिसते आणि आकडा फुगतो. ताटाच्या मधोमध भोक पाडून खाली किराणा दुकानातलं जुनं दोन किलोचं वजन लटकव, म्हणजे ताट आडवं राहील. साधी नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून न ताणणारी पॉलिस्टरची दोरी घे आणि दर अर्ध्या मीटरला खूण कर. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता सोड. ताट दिसेनासं होतं ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसतं ती खोली, दोन्हींची सरासरी घे.

गंगापूर धरणाच्या जलाशयात हे मोठ्या माणसांबरोबर, परवानगी काढून आणि लाइफ जॅकेट घालूनच करायचं. पावसाळ्यानंतर आणि जानेवारीत अशा दोन्ही वेळा मोज. पुरानंतर गोदेला लाल गढूळपणा येतो, तसंच हिमनदीच्या तोंडाशी दगडाच्या पिठासारख्या गाळाने पाणी दुधट होतं; तिथे तबकडी अर्ध्या मीटरवरही नाहीशी होते. पण एक लक्षात ठेव: सूक्ष्म वनस्पती फार वाढल्या तरी पाणी गढूळच दिसतं. ‘काही दिसत नाही’ एवढंच तबकडी सांगते, कशामुळे ते सांगत नाही. त्यासाठी तिथलं लिटरभर पाणी गाळून गाळणकागदाचा रंग पाहायचा: राखाडी असेल तर गाळ, हिरवट-तपकिरी असेल तर वनस्पती.

सातपूरला माझं वर्कशॉप आहे. अशा नौकेचा सांगाडा, इंजिन यांत वेगळं काय असतं? (वाचक, सातपूर)

सांगाडा बहुधा पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा. फायबर ग्लास बर्फाच्या कोपऱ्याच्या एका ठोक्यालाही फुटतं. धातू आधी दबतो, आणि दबलेल्या पत्र्यावर घरी परतता येतं. साधं पोलाद कडक थंडीत ठिसूळ होतं. अॅल्युमिनियम होत नाही, पण त्याला खाऱ्या पाण्यात तांब्या-पितळेच्या भागांपासून गंज लागतो, म्हणून विजेची जोडणी फार काटेकोर लागते.

इंजिन बंद पडायचं नेहमीचं कारण वेगळंच असतं. ते थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढलं जातं. बर्फाच्या चुऱ्यातून जाताना हा लगदा गाळणीत बसतो, पाणी थांबतं आणि पंपाचं रबरी चक्र कोरडं फिरून थोड्याच वेळात चिंध्या होतं. उपाय असा की तळाशी पाण्याची एक बंद पेटी ठेवायची, पाणी तिच्यातून घ्यायचं आणि इंजिनातून बाहेर पडणारं कोमट पाणी जरुरीप्रमाणे परत तिच्यातच सोडायचं, म्हणजे लगदा विरघळतो. चक्राचे तीन-चार सुटे नग बरोबर लागतात, आणि ते अंधारात, हातमोजे घालून बदलायचा सराव बंदरातच व्हायला हवा.

जुलै-ऑगस्टमध्ये स्वालबार्डच्या किनाऱ्यावर तापमान साधारण पाच-सात अंश असतं, त्यामुळे डिझेलात मेण धरायची भीती फारशी नाही. टाकीच्या गार पत्र्यावर दव धरून पाणी साचतं, तो त्रास मोठा. टाकी भरलेली ठेवायची आणि पाणी वेगळं करणारी वाटी रोज तपासायची. आणखी एक नियम: बर्फात मागे जायचं असेल तर सुकाणू बरोबर मध्यावर हवं. तिरकं राहिलं तर मागचा तुकडा त्याला पिळून टाकतो.

मुलगी जायचं म्हणते. ती पाण्यात पडली तर? अस्वलं, हिमनग? आम्हाला झोप लागत नाही. (पालक, इंदिरानगर)

तुमची काळजी खरी आहे, म्हणून नेमकं सांगतो.

शून्याजवळच्या पाण्यात पडल्यावर पहिलं सुमारे एक मिनिट श्वास धापा टाकत येतो आणि आवरत नाही. त्यात नाकातोंडात पाणी गेलं तर तिथेच बुडायला होतं. पुढची साधारण दहा मिनिटं हातापायांत कामाची ताकद असते. अंग गारठून शुद्ध हरपायला बहुधा तासभर लागतो. म्हणजे धोका पहिल्या काही मिनिटांतच जास्त. म्हणून डेकवर लाइफ जॅकेट कायम अंगावर, आणि वारा असेल किंवा रात्रपाळी असेल तर नौकेला अडकवलेला पट्टा. आयोजकांना हे तीन प्रश्न विचारा: पट्टा केव्हा सक्तीचा आहे? माणूस पाण्यात पडल्याचा सराव पहिल्याच दिवशी होतो का? दमलेलं, ओलं माणूस वर कसं ओढून घेता? तिसऱ्याचं उत्तर ‘शिडी आहे’ एवढंच आलं तर पुरेसं नाही. बधिर हातांनी शिडी चढता येत नाही. दोरी-कप्पी किंवा उचलणारी जाळी हवी.

मोठा हिमनग रडारवर दिसतो. भीती असते ती पाण्यावर मीटरभरही न दिसणाऱ्या जुन्या, टणक, काचेसारख्या तुकड्यांची. लाटांच्या गोंधळात रडारला ते सापडत नाहीत. म्हणून नाळीवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) दोन पहारेकरी आणि वेग तीन-चार नॉटच, म्हणजे ताशी तीन-चार सागरी मैल. हिमनगाला ओलांडायचं ते वाऱ्याच्या वरच्या बाजूने. त्याचे सुटलेले तुकडे वाऱ्याखाली पसरलेले असतात. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीच्या कड्यापासून निदान दोनशे मीटर दूर राहायचं, कडा उंच असेल तर त्याहूनही लांब. कडा कोसळला की येणारी लाट लहान होडी उलटवते. हिमनद्या मागे सरकल्याने काही जागी नकाशात अजून बर्फ दाखवलेला असतो आणि तिथे आता पाणी असतं. त्या पाण्याची खोली कोणी मोजलेली नसते. तिथे नौका न्यायची नाही, छोटी होडी पुढे धाडून खोली पाहायची.

अस्वलांविषयी स्वालबार्डचा कायदा २०२५ पासून अधिक कडक झाला आहे: ३०० मीटरच्या आत जायचं नाही, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटरच्या आत नाही. किनाऱ्यावर उतरताना अस्वलाला पळवून लावायची साधनं आणि ती वापरायचं शिक्षण घेतलेला माणूस बरोबर असतो.

आर्क्टिकचा बर्फ वितळला तर आमच्या द्राक्षबागेला काय फरक पडतो? (बागायतदार, दिंडोरी तालुका)

थेट ‘तिथे बर्फ कमी, म्हणून इथे पाऊस’ असं म्हणता येणार नाही. पण २०२१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह एक संभाव्य दुवा मांडला. रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी झाला की उत्तर गोलार्धातल्या वरच्या हवेतल्या लाटांची ठेवण बदलते, आणि त्याच वेळी अरबी समुद्र उबदार असेल तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीला पोषक स्थिती तयार होते. ‘संभाव्य’ हा शब्द त्यांचाच, आणि तो सोडून चालणार नाही.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो महिना. गोडी छाटणीच्या सुमाराला लांबलेला पाऊस म्हणजे कोवळ्या फुटीवर डावणी हा बुरशीरोग, आणि पुढे फुलोऱ्यात गळ-कूज. छाटणीची तारीख आजही हवामान खात्याच्या अंदाजावरच ठरवा. कारा समुद्राच्या बर्फावरून ती ठरवता येईल अशी वेळ अजून आलेली नाही.

मुलगा शुद्ध शाकाहारी आहे. तिकडे खाण्याचं कसं? (पालक, नाशिकरोड)

शिधा आधी ठरवला तर अडचण नाही. समजा चौदा माणसं, पंधरा दिवस: माणशी रोज ७० ग्रॅम डाळ धरली तर १५ किलो, १०० ग्रॅम तांदूळ धरला तर २१ किलो, कांदाही तेवढाच. राजमा-छोल्यापेक्षा मूगडाळ घ्या, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. तूप, शेंगदाणे, गूळ भरपूर हवेत. पहाऱ्यावरच्या माणसाला थंडीत नेहमीपेक्षा बरंच जास्त खावं लागतं. प्रेशर कुकर नौकेवर फार कामाचा: झाकण बंद असतं, नौका कलली तरी सांडत नाही. कांदा कोंदट कप्प्यात ठेवला तर कोंब येतात. आपल्या कांदाचाळीचं तत्त्वच तिथे वापरायचं, जाळीत टांगून चारही बाजूंनी हवा.

गॅस मात्र प्रोपेनचाच हवा. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा जवळपास थांबतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली तर नौकेच्या तळाशी साचतात आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून सिलिंडर डेकवरच्या, बाहेर निचरा असलेल्या कप्प्यात ठेवायचे आणि स्वयंपाक झाला की कळ सिलिंडरपाशीच बंद करायची.

व्हिसा कोणता लागतो? आणि भारताचं हिमाद्री केंद्र पाहता येतं का? (वाचक, गंगापूर रोड)

स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही. पण तिथे नॉर्वेमार्गे जावं लागतं, आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) असल्याने तिथे जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना नॉर्वेत शिरता येत नाही. दोनदा प्रवेशाचा मागा, आणि अर्जात प्रवासाचे सगळे टप्पे लिहा.

हिमाद्री २००८ पासून नी-अलेसुंड या वस्तीत आहे, सुमारे ७९ अंश उत्तरेला. तिथे राहणं संशोधकांसाठीच असतं; प्रस्ताव गोव्याच्या वर सांगितलेल्या केंद्राकडे करावा लागतो. नौकेने आलेल्यांना वस्ती ठरलेल्या वाटेवरून पाहता येते. जवळच्या कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ पासून भारताचं इंडार्क हे पाण्याखालचं निरीक्षणयंत्र ठेवलेलं आहे, तेव्हा तिथे सीटीडी सोडायची असेल तर जागा आधी विचारून घ्यावी. नी-अलेसुंडच्या २० किलोमीटर परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झमधलं प्रसारण बंद असतं, कारण तिथली वेधशाळा दूरच्या आकाशस्थ स्रोतांचे अतिक्षीण रेडिओ संकेत टिपते. मोबाइलचं वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात येतं. ब्लूटूथने फोनला जोडायची मोजयंत्रं घेतली असतील तर त्यांना तारेची जोडणी आहे का, ते नाशिकहून निघण्यापूर्वीच तपासा. वीस किलोमीटर अलीकडेच सगळं बंद करावं लागतं.